जबड्याचे हाड पुन्हा उगवेल काय?

‘‘दुधाचेच दात आहेत, पुन्हा येतील.’’ पंचवीस वर्षांच्या बालरोग-व्यवसायात हे वाक्य मी किती वेळा उच्चारले असेल, याची गणती नाही. पेडण्यापासून डिचोलीपर्यंतच्या कित्येक मातांनी ते ऐकून निर्धास्तपणे घरची वाट धरली आणि बहुतेकींच्या बाबतीत ते खरेही ठरले. एका मुलाच्या बाबतीत मात्र ते खोटे ठरले आणि त्याची खंत आजही मनातून जात नाही.

मुलगा डिचोली तालुक्यातला. वडील खाणीच्या ट्रकवर चालक. आईवडील नात्याने मामे-आतेभावंडे. तिसऱ्या वर्षी तळहात-तळपाय जाड, भेगाळलेले म्हणून तो माझ्याकडे आला. मी इसब समजून मलम दिले. वर्षभराने हिरड्या सुजल्या, दात हलू लागले, तेव्हा आईला मी वरील वाक्य ऐकवले. चौथे वर्ष हे दुधाचे दात पडण्याचे वय नव्हे, एवढा साधा हिशेबही मी केला नाही. सर्दीतापासाठी तो आला की बॅटरी लावून मी घसा पाही, टॉन्सिल पाही. घशाकडे जाणारा तो उजेड हिरड्यांवरूनच जात होता! आठव्या वर्षी कायमचे दात हलू लागले, तेव्हा एका दंतवैद्य मित्राने त्याचे तळहात उलटे करून पाहिले आणि निदान सांगितले : पॅपिलाँ-लफेव्र सिंड्रोम.

या दोन फ्रेंच डॉक्टरांनी १९२४ साली वर्णिलेला हा विकार दहा लाखांत एक ते चार जणांना होतो. कॅथेप्सिन-सी या विकराच्या जनुकात दोष असतो, हे १९९९ साली उघड झाले. आई आणि वडील या दोघांकडूनही सदोष प्रत आली की पांढऱ्या पेशींचे हिरड्यांतील जंतूंपुढे काही चालत नाही आणि दाताला धरून ठेवणारे हाड झिजत जाते. दाताला कीड नसते. त्याच्या मुळाखालची जमीनच खचते.

व्यावसायिक मित्रांना ठाऊक आहेच, तथापि स्मरणिका घरोघरी वाचली जाते म्हणून सांगतो. जबड्यातील हे हाड दातांसाठीच असते. दात उगवताना ते वाढते, दात गेला की ओसरते. आजीचे गाल बसतात आणि कवळी सैल होते, ती यामुळेच. प्रौढांत हीच झीज पायोरियाने होते. मधुमेह, तंबाखू आणि आपल्याकडची मशेरी तिला हातभार लावतात.

काही वर्षांपूर्वी मुलाचे वडील वर्तमानपत्राचे कात्रण घेऊन आले. शस्त्रक्रियेऐवजी जनुकोपचाराने जबड्याचे हाड उगवणार, अशी ती बातमी. ‘‘दोतोर, ह्याचो जीनच वायट न्हय? मगीर हें वखद ह्याच्याच खातीर मू?’’

प्रश्न बिनतोड होता. उत्तर द्यायला मला आठवडाभर वाचन करावे लागले.

जखम भरताना रक्तातील प्लेटलेट ‘पीडीजीएफ’ नावाचे प्रथिन सोडतात. त्याच्या हाकेने नव्या पेशी जमतात आणि वाढतात. हे प्रथिन प्रयोगशाळेत तयार करून दातांभोवतीच्या हाडासाठी वापरण्यास अमेरिकेत २००५ साली मान्यता मिळाली. अडचण एवढीच की जखमेत घातलेले प्रथिन लवकर नाहीसे होते. मिशिगन विद्यापीठातील विल्यम जियानोबिली आणि सहकाऱ्यांनी प्रथिनाऐवजी त्याचे जनुकच निष्प्रभ केलेल्या अडेनोव्हायरसच्या पाठीवर बसवून जखमेत सोडले. मग तिथल्या पेशीच काही दिवस ते प्रथिन बनवत राहिल्या. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगात उंदरांच्या दातांभोवतीचे हाड उपचाराविना राहिलेल्यांपेक्षा पुष्कळच अधिक भरून आले.

अडेनोव्हायरस आम्हा बालरोगतज्ज्ञांच्या रोजच्या ओळखीचा. सर्दी, डोळे येणे, जुलाब ही त्याचीच करणी. २०२१ साली पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटमधून आलेली कोविशील्डही चिंपांझीच्या अडेनोव्हायरसवर स्वार होती. दंडात घेतलेल्या त्या लशीचे उदाहरण दिल्यावर वडिलांना मुद्दा चटकन उमगला.

पुढचे सांगणे जड गेले. या उपचारातील जनुक हा तात्पुरता लावलेला गवंडी आहे. मुलाच्या जन्मजात दोषाला तो हातही लावत नाही. जंतूंचा हल्ला चालू असताना बांधलेले नवे हाडही पुन्हा ढासळेल. शिवाय ‘शस्त्रक्रियेऐवजी’ हा शब्द बातमीदाराचा उत्साह म्हणावा. उंदरांच्या हिरड्याही शस्त्रक्रियेनेच उघडल्या होत्या. आणि १९९९ साली अमेरिकेत जेसी गेल्सिंगर हा अठरा वर्षांचा युवक यकृताच्या विकारासाठी याच जातीच्या विषाणूतून जनुक दिल्यानंतर चौथ्या दिवशी दगावला, हे विसरता येत नाही. हिरडीत द्यायची मात्रा अगदीच अल्प, हे खरे. परंतु ज्या व्याधीने जीव जात नाही, तिच्यासाठी कोवळ्या मुलाला किती जोखमीत घालावे? कर्करोगात हे माप बदलते. आयआयटी मुंबई आणि टाटा स्मारक यांच्या परिश्रमातून साकारलेल्या जनुकाधारित उपचाराला २०२३ साली परवानगी मिळाली, त्याचे मी मनापासून स्वागत केले. हाडाचा हा उपचार मात्र दंतवैद्याच्या खुर्चीपर्यंत अद्याप आलेला नाही आणि आला तरी मी घाई करणार नाही.

वडिलांनी कात्रण घडी करून खिशात ठेवले. बांबोळीच्या गोवा दंत महाविद्यालयात मुलाच्या हिरड्यांची नियमित सफाई सुरू झाली, प्रतिजैविके दिली गेली. वाचण्यासारखे नव्हते ते दात काढले. आज तो सोळा वर्षांचा आहे. काढघाल करायची कवळी वापरतो. रोपण करायचे तर जबड्याची वाढ पुरी होईपर्यंत थांबावे लागेल आणि तेव्हा हाड किती उरले असेल, हा प्रश्न आहेच. चवथीच्या नेवऱ्या तो हाताने मोडून उजव्या दाढेखाली धरतो.

गेल्या चवथीनंतर तो आला, तो दोन वर्षांच्या धाकट्या बहिणीला घेऊन. तिला ताप होता. स्टेथोस्कोप कानाला लावण्यापूर्वी मी तिचे तळहात उलटे करून पाहिले. मऊ होते. मग ओठ वर उचलून हिरड्या पाहिल्या आणि त्यानंतर घसा.