मोटारीचें तेल : दाट कीं पातळ ?

जळगांवाहून भुसावळकडे जातांना वाटेंत नशिराबाद लागतें. येथें वैशाखांत पारा ४४-४५ अंशांवर चढतो. अशा मुलखांत वेगवान मोटार बाळगणाऱ्यास सहज वाटतें, कीं इंजिनांत तेल जितकें दाट तितकें बरें. हा समज तपासून पाहूं.

डब्यावर '५डब्ल्यू-४०' असे आंकडे असतात. पहिला आंकडा थंडींतील प्रवाहीपणाचा. 'डब्ल्यू' हें हिवाळा या अर्थाच्या इंग्रजी शब्दाचें आद्याक्षर. दुसरा १०० अंश सेल्सिअसला उरणाऱ्या दाटपणाचा. हे आंकडे तपमानाचे अंश नसून तेलाच्या प्रती होत.

तेलास खरी उष्णता मिळते ती ज्वलनाची व घर्षणाची. चालत्या इंजिनांत तें सुमारें १०० अंशांस पोंचतें. दीर्घकाळ भरधाव हांकल्यास १२० च्याही पुढें जातें. बाहेरच्या उन्हाची भर त्यांत अल्प, कारण पाण्याची शीतकयोजना इंजिनाची उष्णता आंवरून धरते. फार पातळ तेलाचा पापुद्रा तापल्यावर तुटतो आणि धातूवर धातू घासतो, हें खरें. परंतु फार दाट तेल इंजिन सुरू होतांना बारीक वाटांतून वेळेवर पोंचत नाहीं. झीज तेव्हांही होते, आणि पेट्रोलही अधिक जळतें.

बेअरिंगमधील फटीचें माप इंजिनागणिक निराळें असतें व तें निर्मात्यास ठाऊक असतें. म्हणून त्याच्या पुस्तिकेंतील प्रतच घ्यावी. कडक उन्हाळ्यासाठीं अथवा शर्यतीच्या वेगासाठीं ३० ऐवजीं ४० ची मुभा तींत असेल, तरच दाट तेलाकडे वळावें.