रोग न होऊ देणारी विद्या

सार्वजनिक आरोग्याचे पदव्युत्तर शिक्षण घेणाऱ्यांना घरी-दारी एकच प्रश्न विचारला जातो : ‘म्हणजे डॉक्टर होणार का?’ दंतवैद्यक, आयुर्वेद, परिचर्या, समाजकार्य अशा भिन्न वाटांनी हे विद्यार्थी येथे येतात. तिरुवनंतपुरमच्या अच्युत मेनन केंद्राने १९९७ मध्ये हा अभ्यासक्रम सुरू केला. पुढे तो देशभर पसरला. तरीही आपण नेमके कोण, याचे उत्तर देताना अनेकजण अडखळतात. रोगमुक्त झालेला रुग्ण वैद्याचे आभार मानतो. न झालेल्या रोगाबद्दल कोणाचे आभार मानायचे?

छत्तीसगडच्या दुर्ग जिल्ह्यातील अहिवारा परिसराकडे पाहिल्यास या विद्येचे प्रयोजन ध्यानी येते. जवळच नंदिनीच्या चुनखडीच्या खाणी आहेत; तेथील दगड भिलाईच्या पोलाद कारखान्यासाठी काढला जातो. खाणपट्ट्यात कोणी खोकत आला, तर डॉक्टर औषध देतो. परंतु खोकला धुळीमुळे आहे काय, तो किती घरांत आहे आणि धूळ कशी आवरावी, हे शोधणे सार्वजनिक आरोग्याचे काम. २०१८ च्या पावसाळ्यात भिलाईत डेंग्यूने बळी घेतले, तेव्हाही रुग्णालयातील खाटांइतकाच साचलेल्या पाण्याचा प्रश्न महत्त्वाचा होता.

या कामाचा चेहरा छत्तीसगडला अपरिचित नाही. २००२ मध्ये सुरू झालेल्या योजनेतील ‘मितानिन’, म्हणजे मैत्रीण, वस्तीतूनच निवडली जाते. महाराष्ट्रातील जामखेड येथे रजनीकांत व मेबेल आरोळे यांनी १९७० पासून गावातील स्त्रियांनाच आरोग्यसेविका म्हणून घडविले. स्वतः डॉक्टर असूनही दवाखान्याच्या चार भिंती अपुऱ्या आहेत, हे त्यांनी ओळखले होते.

अशा उदाहरणांतून विद्यार्थ्याला आपल्या विद्येचा अभिमान वाटू शकेल. मात्र केवळ अभिमानावर संसार चालत नाही. तामिळनाडूत सार्वजनिक आरोग्याची स्वतंत्र सेवाश्रेणी दीर्घकाळ आहे. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने सर्व राज्यांत अशी श्रेणी असावी, असे सुचविले आणि २०२२ मध्ये केंद्राने त्यासाठी मार्गदर्शक सूचनाही दिल्या. सूचनांचे रूपांतर कायम पदांत झाले नाही, तर हे पदवीधर एका प्रकल्पाच्या करारावरून दुसऱ्याकडे जात राहतील. मग अहिवाऱ्यासारख्या गावांत धुळीचा आणि पाण्याचा हिशेब ठेवायचा कोणी?