आधी कागद, मग स्कॅरब

लखनौच्या जानकीपुरममधल्या एका घरात, खिडकीजवळच्या टेबलावर, काका कापसातून चिंचोक्याएवढा मणी काढतात. वरून तो शेणकिडा दिसतो: डोकं, मिटलेल्या पंखांमधली रेघ, कडेला दुमडलेले पाय. उलटा केला की सपाट तळावर कोरीव चिन्हं. हाच स्कॅरब. उगवत्या सूर्याचा देव खेप्री प्राचीन इजिप्तनं या किड्याच्या रूपात पाहिला. म्हणून लोक हा ताईत अंगठीत बसवत, दोऱ्यात ओवत, मोहोर म्हणूनही वापरत.

काका दिवा बाजूला आडवा धरतात. तिरप्या उजेडात उथळ रेघाही उठून दिसतात. मग भिंग घेऊन आधी भोक पाहायचं. लांबीच्या दिशेनं ते दोन्ही टोकांकडून पाडलेलं असेल, तर आत मधोमध सांधा दिसू शकतो. दोऱ्यानं कडा झिजलेल्या असतात. दगड बहुधा शंखजिऱ्याचा. नखानं ओरखडा उठावा इतका मऊ, म्हणून कोरायला सोपा. झिलई देऊन भाजला की कठीण होतो. निळी-हिरवी झिलई पुष्कळदा उडून जाते, खाचांत तेवढी उरते.

“आता ठसा घे,” काका म्हणतात. मऊ मातीवर तळ हलकेच दाबला की सूर्यबिंब, सोंगट्यांचा पट आणि किडा उमटतात: मेन-खेपेर-रे, म्हणजे राजा तिसरा थुतमोस, राज्यकाळ इ. स. पू. १४७९ ते १४२५. सूर्य आधी लिहिलेला, पण वाचायचा शेवटी. देवाला पहिला मान.

नाव वाचलं म्हणजे काळ ठरला असं मात्र नाही. या राजाचं नाव रक्षण करतं या श्रद्धेनं त्याच्या मृत्यूनंतर कित्येक शतकं ते कोरलं जात राहिलं. म्हणून डोकं, पाठ आणि पाय यांची घडण पेट्री आणि रो या पुरातत्त्वज्ञांच्या अनुक्रमे १९१७ आणि १९३६च्या स्कॅरब-सूचींशी ताडून पाहावी लागते. त्यानंतरही खरा पुरावा असतो तो सापडल्या जागेचा. राजा तिसऱ्या आमेनहोतेपनं आपल्या सिंहांच्या शिकारीची वार्ता मोठ्या स्कॅरबांवर कोरून दूरवर धाडली. त्याचे असे स्मारक-स्कॅरब सुदानपासून सीरियापर्यंत मिळाले, म्हणून तर त्याच्या दबदब्याचा पल्ला कळला. जागा हरवलेला स्कॅरब सुंदर असेल, पण त्याची निम्मी साक्ष गेलेली असते.

म्हणूनच काकांच्या कपाटात मण्यांपेक्षा फायली जास्त आहेत. इजिप्तनं १९८३च्या ११७ क्रमांकाच्या कायद्यानं पुरावस्तूंचा व्यापार बंद केला. त्यानंतर चोरून उकरलेली वस्तू विकत घेणं म्हणजे पुढच्या खड्ड्याला पैसे पुरवणं. ज्यांना हा नाद लागतोय त्यांनी आधी लखनौच्या बनारसी बागेतल्या राज्य संग्रहालयातलं इजिप्तचं दालन पाहावं, प्रतिकृतींवर ठसे घ्यायला शिकावं. आणि अस्सल वस्तू समोर आलीच तर तीन प्रश्न विचारावेत: कुठे सापडली, कुणाकुणाच्या हातून गेली, इजिप्तबाहेर कधी आली? उत्तरं कागदावर नसतील तर काका ती घेत नाहीत. कुणीच घेऊ नये.