नित्य व्यवहारातील कल्पकता

कल्पकता हा शब्द उच्चारला की कवी, चित्रकार अथवा यंत्रशास्त्रज्ञ आपल्या डोळ्यांपुढे उभे राहतात. धान्याच्या पोत्यांमध्ये आयुष्य काढलेल्या व्यापाऱ्याचा त्या शब्दाशी काय संबंध, असे कोणी विचारल्यास त्यात नवल नाही. मीही कित्येक वर्षे तसेच समजत होतो. परंतु साठी ओलांडल्यावर मागे वळून पाहताना असे दिसते की, कल्पकता आमच्या वखारीत नेहमीच वावरत होती. तिला ओळखण्यास मी चुकलो. त्या चुकीची हकिगत व्यापारी बंधू व त्यांचे कुटुंबीय यांच्यापुढे ठेवावी, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

१९७८ साली मॅट्रिक होऊन मी बेळगावातील आमच्या घाऊक धान्याच्या दुकानात बसू लागलो. त्याच पावसाळ्यात वखारीतील मुगाला व चवळीला भुंगेरे लागले. बेळगावचा पाऊस आणि कडधान्य यांचे वैर जुनेच आहे. भुंगेऱ्याची मादी दाण्यावर अंडे घालते, अळी आत शिरून दाणा पोखरते आणि दमट उबेत सुमारे महिन्याभरात नवी पिढी गोल छिद्र पाडून बाहेर पडते. एक पोते विसरले गेले, तरी साऱ्या थप्पीला उपद्रव होतो. विषारी वायूच्या गोळ्या ठेवण्याचा सल्ला अनेकांनी दिला. पण वडिलांना तो मानवला नाही. जीव मारून माल राखण्यापेक्षा जीव उत्पन्नच होणार नाही अशी दक्षता घ्यावी, हे त्यांचे म्हणणे. उघडीप मिळताच माल पसरला, चाळला, निघालेले किडे गावाबाहेर बांधावर नेऊन सोडले आणि नुकसान सोसले.

कारण शोधता असे आढळले की, नवा माल पुढे रचला जात होता व मागची जुनी पोती तशीच पडून राहत होती. मी पडलो शिकलेला! प्रत्येक पोत्यावर आवकेच्या तारखेची चिठ्ठी डकविण्याची व्यवस्था मी केली. आठ दिवसांत दमट हवेने निम्म्या चिठ्ठ्या गळून पडल्या. तेव्हा आमचा एक वृद्ध हमाल हातातील दाभण दाखवीत म्हणाला, "धाकले सावकार, तुमची चिठ्ठी मला वाचता येत न्हाई, पन दोऱ्याचा रंग दिसतोय की! ह्या म्हैन्याची पोती तांबड्या सुतळीनं शिवू, फुडल्या म्हैन्याची हिरव्या. तांबडी सरल्याबिगर हिरव्याला हात लावायचा न्हाई."

मी हसलो. वडील हसले नाहीत. त्यांनी त्याच दिवशी सुतळी रंगविण्यास धाडली. त्यानंतर कीड कधी लागलीच नाही, असे मी म्हणणार नाही. परंतु विसरलेले पोते म्हणून आमच्या वखारीत राहिले नाही. त्या हमालाने अक्षर नाही म्हणून हात टेकले नाहीत. आपल्यापाशी दृष्टी आहे, ती कशी वापरता येईल एवढेच त्याने पाहिले. जे नाही त्याची खंत न करता जे आहे त्याला नवे काम देणे, हीच मला कल्पकतेची खूण वाटते.

मोठ्या माणसांच्या चरित्रांतही हीच खूण आढळते. याच बेळगावात एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस लक्ष्मणराव किर्लोस्करांचे सायकलींचे दुकान होते. तेथूनच त्यांचे लक्ष शेतकऱ्यांच्या गरजांकडे वळले आणि कडबा कापण्याची यंत्रे व लोखंडी नांगर तयार होऊ लागले. लोखंडाने जमीन नासते अशी समजूत असल्यामुळे प्रारंभी नांगरांना गिऱ्हाईक मिळेना. तथापि ते खचले नाहीत, आणि १९१० साली औंध संस्थानात किर्लोस्करवाडी वसली. पुढे त्या नांगरांच्या विक्रीसाठी खेडोपाडी फिरणाऱ्यांत भाऊराव पाटील होते. त्यांचा जन्म १८८७ साली कुंभोज येथे, जैन कुटुंबात झाला. खेड्यातील अज्ञान त्यांनी जवळून पाहिले आणि १९१९ साली काले येथे रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली. गरिबाच्या मुलाजवळ पैसा नाही, पण हात आहेत. 'कमवा आणि शिका' ही योजना याच जाणिवेतून उभी राहिली.

आता माझ्या चुकीकडे वळतो. २००९ साली चिरंजीव पदवीधर होऊन दुकानात आले. एके दिवशी त्यांनी विचारले, "अण्णा, सुतळीचा रंग वखारीत गेल्याशिवाय दिसत नाही. कोणता माल किती दिवसांचा, हे गादीवरच कळेल अशी नोंद संगणकावर ठेवू का?" मी उत्तरलो, "तीस वर्षे या सुतळीवर काम चालले आहे. असेच चालत आले आहे." त्यांनी वाद घातला नाही, मात्र दुसरा प्रश्नही विचारला नाही. पुढील वर्षी ते पुण्यास नोकरीला गेले. ज्या सुतळीला मी हसलो होतो, तिचाच मी कायदा करून ठेवला होता! वडिलांनी एका निरक्षर हमालाला जे दिले, ते मी पोटच्या मुलाला देऊ शकलो नाही.

ही उणीव भरून काढण्यासाठी अलीकडे मी एक लहानसा नेम केला आहे. दिवाळीत वहीपूजन झाल्यावर रोजमेळाचे शेवटचे पान कोरे राखतो व त्यावर केवळ 'का?' एवढे लिहितो. दुकानातील कोणीही आपला प्रश्न तेथे लिहावा अथवा लिहवून घ्यावा. त्याला 'असेच चालत आले आहे' हे उत्तर द्यावयाचे नाही. पहिला प्रश्न धान्य निवडणाऱ्या बाईंनी लिहविला: "आम्ही उजेडाला पाठ करून का बसतो?" खरोखरच, इतकी वर्षे त्यांची सावली त्यांच्याच सुपावर पडत होती आणि ती आमच्यापैकी कोणालाही दिसली नव्हती. त्याच दुपारी त्यांची बैठक फिरविली.

दुसरा प्रश्न पुण्याहून दूरध्वनीवर आला. तो मी स्वहस्ते लिहिला. मालाची नोंद आता पुतण्या संगणकावर ठेवतो. चिरंजीव परतलेले नाहीत, परंतु महिनाअखेरीस ती नोंद आवर्जून मागवितात व काही ना काही विचारतात. सुतळी अजूनही रंगीतच आहे.

व्यापारी बंधूंनो, आपल्या दुकानात, स्वयंपाकघरात, मुलांच्या बोलण्यात असा एखादा प्रश्न आजही उभा असेल. त्याचे उत्तर लगेच सापडले नाही तरी चालेल. पण विचारणाऱ्याला हसू नये, एवढीच विनंती करून लेखणी ठेवतो. जय जिनेंद्र!