व्याजदर घटला, पण ईएमआय तेवढाच? गृहकर्जदारांनो, बँकेला हे नक्की विचारा

रिझर्व्ह बँकेने २०२५ मध्ये रेपो दर ६.५० टक्क्यांवरून ५.२५ टक्क्यांवर आणला. बातमी वाचून अनेकांनी बँकेचं अ‍ॅप उघडलं, तर हप्ता जुनाच! मग फायदा गेला कुठे?

बहुतेक वेळा तो मुदतीत जातो. दर बदलला की बँका सहसा ईएमआयला हात लावत नाहीत, हप्त्यांची संख्या कमी-जास्त करतात. रेपोशी जोडलेल्या कर्जाचा दर तीन महिन्यांतून एकदा तरी बदलावा लागतो, त्यामुळे थोडा उशीरही होतो.

एक्सेलमध्ये हिशेब मांडून पाहिला. ३० लाखांचं कर्ज, २० वर्षं बाकी, दर साडेआठ टक्के: हप्ता साधारण २६,०३५ रुपये. दर साडेसात झाला आणि हप्ता कमी करून घेतला, तर तो २४,१६८ रुपये होतो. जुनाच हप्ता चालू ठेवला, तर कर्ज सुमारे १७ वर्षांत फिटतं आणि एकूण पावणेपाच लाखांच्या आसपास वाचतात. म्हणजे हप्ता न घटणं दरवेळी वाईट नसतं. पण घर चालवताना महिन्याचे १,८६७ रुपये मोठे वाटत असतील, तर निर्णय वेगळा असू शकतो. तो बँकेने परस्पर घ्यायचा नाही.

खरी अडचण दर वाढताना होते. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या काळात रेपो ४ वरून ६.५० टक्क्यांवर गेला, तेव्हा अनेकांच्या कर्जाची मुदत निवृत्तीच्या पलीकडे गेली. त्यानंतर १८ ऑगस्ट २०२३ रोजी रिझर्व्ह बँकेचं परिपत्रक आलं. त्यानुसार दर वाढल्यास हप्ता वाढवायचा, मुदत वाढवायची की दोन्ही थोडं थोडं, हे ठरवण्याचा पर्याय कर्जदाराला द्यावा लागतो. मुदत कितीही ताणली तरी हप्त्यातून किमान त्या महिन्याचं व्याज फिटलंच पाहिजे. दर तिमाहीला स्टेटमेंटही मिळायला हवं. त्यात उरलेले हप्ते आधी बघा.

स्थिर दराकडे जाण्याचा पर्याय देणं मात्र १ ऑक्टोबर २०२५ पासून बँकेच्या मर्जीवर आहे.

शुल्काचं काय? घरासाठी व्यक्तीने घेतलेल्या बदलत्या दराच्या कर्जात मुदतीआधी पैसे भरल्यास दंड लागत नाही. दर किंवा योजना बदलण्यासाठी शुल्क लागू शकतं, पण ते मंजुरीपत्रात लिहिलेलं असावं लागतं. हप्ता चुकल्यास दंड लागतो, मात्र त्या दंडावर पुन्हा व्याज लावता येत नाही.

विनंती शाखेत तोंडी करू नका, लेखी किंवा ईमेलने द्या. तक्रारीला ३० दिवसांत उत्तर आलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन दाद मागता येते, तीही मोफत.