तारीख लावणारे त्रैमासिक

संपादकांचा निरोप साधा होता: भारत इतिहास संशोधक मंडळाच्या त्रैमासिकाची नव्या वाचकांना ओळख करून द्या. मी लगेच होकार दिला, आणि खरे सांगायचे तर तळटिपांच्या लोभाने दिला. या त्रैमासिकाच्या जुन्या अंकांत असे लेख सापडतात की मजकूर दोन ओळी आणि टीप पाऊण पान. दोन ओळी कुणा कारकुनाने दोन-अडीचशे वर्षांपूर्वी बोरूने ओढलेल्या असतात. पाऊण पान त्या नेमक्या कोणत्या दिवशी ओढल्या हे ठरवण्यात गेलेले असते.

संस्थेचा इतिहास थोडक्यात सांगतो, कारण तो इतरत्र सहज मिळतो. मंडळाची स्थापना ७ जुलै १९१० ची, पुण्याची. संस्थापक दोन: इतिहासाचार्य विश्वनाथ काशिनाथ राजवाडे आणि सरदार खंडेराव चिंतामण मेहेंदळे. एकाकडे दप्तरे धुंडाळण्याचे वेड होते, दुसऱ्याकडे वाडा आणि पदरमोड करायची तयारी. त्याआधी मराठ्यांच्या इतिहासाची कागदपत्रे छापण्याचे काम सुटेसुटे चालले होते. १८७८ मध्ये ‘काव्येतिहाससंग्रह’ निघाला. मिरजेत वासुदेवशास्त्री खऱ्यांनी पटवर्धनांची दप्तरे हाती घेतली. साताऱ्याला पारसनीस होतेच. राजवाड्यांच्या ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड १८९८ चा, पुढे त्याचे बावीस खंड झाले. पण पुण्यातले पेशवे दप्तर सरकारच्या कुलपात होते आणि एतद्देशीय अभ्यासकाला तिथे सहजी शिरकाव नव्हता. त्यामुळे साधने शोधायची ती वाड्यांच्या माळ्यांवर, देशमुख-देशपांड्यांच्या पेट्यांत, मठांच्या फडताळांत. मंडळाची सुरुवातीची इतिवृत्ते आणि संमेलनवृत्ते या धुंडाळणीतूनच भरली. शके १८४२ मध्ये, म्हणजे १९२० साली, त्रैमासिक सुरू झाले. राजवाडे तोवर मंडळापासून दूर गेले होते. त्यांचे कुणाशी फार दिवस जमत नसे. ३१ डिसेंबर १९२६ ला ते धुळ्यात वारले, आणि तिथे त्यांच्या नावाचे वेगळे संशोधन मंडळ उभे राहून त्याचेही ‘संशोधक’ निघू लागले. पुण्याचा गाडा दत्तो वामन पोतदार, द. वि. आपटे, शं. ना. जोशी, ग. ह. खरे अशांनी ओढला.

मंडळाच्या प्रकाशनांनी काय केले हे एका उदाहरणावरून कळेल. शिवाजी महाराजांचा जन्म वैशाख शुद्ध द्वितीया शके १५४९ चा, म्हणजे १६२७ चा, असे बखरींच्या आधारे धरले जात होते. भोर संस्थानातल्या कारीच्या जेध्यांकडे एक शकावली होती. ती लोकमान्य टिळकांच्या हाती आली आणि १९१६ मध्ये मंडळाच्या चतुर्थ संमेलनवृत्तात छापली गेली. तिच्यात जन्म फाल्गुन वद्य तृतीया शके १५५१, शुक्रवार असा नोंदलेला होता. जुलियन पंचांगाने हा १९ फेब्रुवारी १६३०. गणित मांडले की वार शुक्रवारच येतो. पुढे स. म. दिवेकरांनी तंजावरहून आणलेले परमानंदाचे ‘शिवभारत’ १९२७ मध्ये छापले गेले, त्यातही हीच तिथी निघाली. म्हणजे एक रुक्ष नोंदवही आणि एक संस्कृत काव्य, एक मावळातले आणि एक तंजावरातले, एकाच दिवसावर येऊन थांबले. सरकारदरबारी ही तारीख पक्की व्हायला मात्र २००१ साल उजाडावे लागले. संशोधकाने टीप लिहिणे आणि समाजाने ती वाचणे यांत पाऊण शतकाचे अंतर पडले. मला हे अंतर फारसे आश्चर्याचे वाटत नाही.

आता ज्या यंत्राने मला अडकवले त्याकडे येतो. हे यंत्र लोखंडाचे नाही, जंत्रीचे आहे, म्हणजे निरनिराळ्या कालगणनांच्या तारखा शेजारी मांडणाऱ्या कोष्टकाचे.

पेशवाईतल्या पत्राच्या शेवटी बहुधा असे असते: ‘छ ७ जमादिलाखर’. साल असलेच तर वर ‘सु॥ इहिदे सितैन मया व अलफ’. ‘छ’ म्हणजे चंद्र, मुसलमानी महिन्याची तारीख. साल अरबी शब्दांत आणि उलट्या क्रमाने, आधी एकं मग दहं: इहिदे एक, सितैन साठ, मया शंभर, अलफ हजार. झाले ११६१. हा शुहूर सन. यात ५९९ मिळवले की इसवी सन निघतो, पण जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंत ६०० मिळवायचे, कारण हे साल मृग नक्षत्राला बदलते, शेतकऱ्याच्या पेरणीबरोबर. या सालात जमादिलाखर थंडीत येतो, म्हणून ११६१ अधिक ६००, १७६१. बाळाजी प्रभाकर मोडकांची जंत्री उघडा, रकान्यावर बोट ठेवून खाली या. ७ जमादिलाखर समोर पौष शुद्ध अष्टमी शके १६८२, बुधवार, १४ जानेवारी १७६१. पानिपत.

इथवर सोपे आहे. घोळ असा की साल सूर्याचे आणि महिने चंद्राचे. चंद्राचे वर्ष अकरा दिवसांनी आखूड. त्यामुळे प्रत्येक शुहूर सालात साधारण दहा-अकरा तारखा दोनदा येतात, एकदा साल सुरू होताना आणि एकदा संपताना. समजा तुमच्या हातात याच ११६१ सालचे पत्र आले आणि खाली ‘छ २५ सवाल’ एवढेच आहे. हा दिवस १० जून १७६० च्या सुमाराचा असू शकतो किंवा ३० मे १७६१ च्या. पहिला धरला तर भाऊसाहेब फौजेसह उत्तरेच्या वाटेवर आहेत. दुसरा धरला तर ते पडून साडेचार महिने झालेत. कागद तोच, अक्षर तेच, आणि अर्थ पार उलटा. मग संशोधक पत्रात शिरतो. वार दिला आहे का? नदीला उतार आहे असे म्हटले आहे की पूर? मायन्यात वडीलकीचा मान कुणाला दिला आहे? पत्र पोहोचल्याची तारीख पाठीवर मांडली आहे का? या सगळ्याचा निकाल त्रैमासिकात एका टिपेत लागतो, आणि आपण ती टीप वाचायचे टाळून पुढे जातो.

यात भर म्हणून शिवकाळासाठी वेगळी जंत्री लागते. ती गणेश सखाराम खऱ्यांनी केली, शके १५५१ पासूनची. मोडकांची शके १६५० पासून चालू होते, त्यामुळे दोन्ही शेजारी ठेवल्या की सलग अडीच शतके हाताशी येतात. राज्याभिषेक शक निराळा, फसली निराळा. गोव्याचे पोर्तुगीज नव्या ग्रेगरी पंचांगाने चालणारे, सुरतेचे इंग्रज जुन्याने. एकाच घटनेच्या दोघांच्या नोंदींत दहा दिवसांची तफावत दिसली तर खोटे कोणीच बोलत नसते.

या गणिताचा दुसरा उपयोग चोर पकडायचा. वतनाचे तंटे पिढ्यान् पिढ्या चालत, आणि १८५२ नंतर इनाम कमिशनने सनदा मागायला सुरुवात केल्यावर जुने दिसणारे नवे कागद पुष्कळ तयार झाले. बनावट कागद करणारा शाई आणि शिक्का साधतो, पण तिथी-वार-सनाचा मेळ त्याला घालता येत नाही. एवढे असूनही जुने जाणते संशोधक लगेच निकाल देत नाहीत. अस्सल पत्र लिहिणारा कारकूनही कधी साल बदलल्याच्या आठवड्यात जुनेच साल लिहून जातो, आणि बनावट करणारा कधी जंत्री पाहून बसतो. म्हणून शिक्का कुठे उमटवला, मोर्तब आहे का, बाराची (दप्तरी दाखल झाल्याची) नोंद कुणाच्या हातची, हे सारे पाहावे लागते.

या कामाचा माणूस म्हणून मला सर्वांत जवळचे वाटतात ते गणेश हरी खरे. (जंत्रीवाले खरे वेगळे. या दोन गणेश खऱ्यांची गल्लत करणारे मी छापील पुस्तकांतही पाहिले आहेत.) जन्म १९०१, पनवेलचा. असहकारितेच्या लाटेत शिक्षण सुटले. विद्यापीठाची पदवी नाही. मंडळात आले ते जन्मभरासाठी, १९८५ मध्ये गेले तोवर. फारसी कागद वाचणारा कोणी नाही म्हणून फारसी शिकले आणि ‘ऐतिहासिक फारसी साहित्या’चे सहा खंड काढले. शिलालेख वाचायचे म्हणून जुन्या लिप्या शिकले. मूर्ती ओळखता याव्यात म्हणून ‘मूर्तिविज्ञान’ लिहिले. पंढरपूरच्या विठ्ठलावर लिहिले, आणि नवशिक्यांसाठी ‘संशोधकाचा मित्र’ नावाचे पुस्तकही केले. त्यांचे लेख वाचताना एक गोष्ट सारखी जाणवते: विशेषणे जवळजवळ नाहीत. कागद कुठे मिळाला, किती लांब, किती ओळी, कोणता शिक्का, मग मजकूर, मग टीप. महाराष्ट्राच्या इतिहासावर इतक्या थंड डोक्याने लिहिता येते याचा पुरावा म्हणून ते अंक जपले पाहिजेत.

या पद्धतीचे गोत्र युरोपातही आहे. जर्मनीतल्या हेर्त्सोगेनआउराखचे नाव पुण्यात शेफलरच्या बेअरिंगमुळे आणि जगात आदिदास-पूमाच्या बुटांमुळे ठाऊक आहे. कामानिमित्त तिथे जाणाऱ्या आपल्या इंजिनिअरांना त्या गावाचा जुन्यात जुना उल्लेख १००२ सालच्या दुसऱ्या हाइनरिश राजाच्या दानपत्रात ‘उराहा’ या नावाने आहे, हे कळायला अभिलेखागाराची पायरी चढावी लागत नाही. त्या राजाची सगळी दानपत्रे ‘मोनुमेंटा जर्मानिए हिस्टोरिका’ या १८१९ साली सुरू झालेल्या प्रकल्पाने छापली आहेत आणि घरबसल्या फुकट वाचता येतात. त्या प्रकल्पाचे नियतकालिक १८२० पासूनचे. नावे बदलली, १८७६ मध्ये एक, १९३७ मध्ये आणखी एक, आता त्याला ‘डॉइचेस आर्खिव्ह’ म्हणतात. त्यात मध्ययुगावरच्या जगभरच्या पुस्तकांची छोटी छोटी परीक्षणे ढिगाने असतात. कोण काय म्हणाला आणि त्यात चूक काय, एवढेच. आपल्या त्रैमासिकाची जात हीच. फरक इतकाच की जर्मनांचे मध्ययुग १५०० च्या आसपास संपते आणि आपले १८१८ ला. शिवाय त्यांच्यामागे सरकारी पैसा उभा राहिला. आपल्याकडे सदाशिव पेठेतली एक इमारत, देणगीदार आणि वर्गणीदार.

म्हणून आता काळजीचे.

पहिली काळजी वाचणाऱ्यांची. मंडळाकडे लाखो कागद आहेत, त्यांतले बहुसंख्य मोडीत. मोडीत शब्द सुटे नसतात, आधी रेघ ओढून मग तिला अक्षरे लटकवत जायचे. वर्ग भरतात, परीक्षा होतात, लोक हौसेने शिकतात. पण छापील मोडी वाचता येणे वेगळे आणि घाईत लिहिलेले हिशेबाचे कागद वाचता येणे वेगळे. दुसऱ्यासाठी वर्षानुवर्षे बैठक लागते, आणि या बैठकीचा पगार कोणी देत नाही.

दुसरी काळजी लेखकांची. तरुण प्राध्यापकाला बढतीसाठी गुण लागतात. २०१९ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने मान्य नियतकालिकांची ‘केअर’ यादी आणली, मग २०२५ मध्ये तीच मोडीत काढली. या धरसोडीत दीड पानाचे अस्सल पत्र टिपांसह छापणाऱ्याच्या पदरी काय पडले? पंधरा पानांचा इंग्रजी निबंध मोजला जातो. एका पत्राची तारीख लावून दाखवणे कुठल्याच रकान्यात बसत नाही. त्रैमासिकाच्या संदर्भांत ‘अंक १-४’ असे जोडअंकांचे उल्लेख वारंवार भेटतात. त्यामागे पैशाइतकीच मजकुराची ओढाताण असावी, असा माझा कयास आहे.

तिसरी काळजी बोलायची कमी आणि वाटायची जास्त. ५ जानेवारी २००४ ला शिवचरित्राच्या वादातून भांडारकर संस्थेवर हल्ला झाला. ती संस्था निराळी, पण धसका सगळ्यांनीच घेतला. शिवकालावर तळटीप लिहिणाऱ्याला आता टिपेखेरीज आणखी काय लिहिले जाईल याचाही विचार करावा लागतो. ज्या विषयावर चौकाचौकांत फलक लागतात त्या विषयाची साधने छापणारे नियतकालिक मूठभरांनी वाचावे, हे मला शोचनीय वाटते, आणि यात वाचकाचा वाटा संस्थेपेक्षा मोठा आहे.

आणि शेवटची, सगळ्यांत तातडीची: घरोघरचे कागद. वाडे पडत आहेत, भाऊबंदकीत पेट्या फुटत आहेत. जमिनीचा दावा निघेल या भीतीने कोणी कागद दाखवत नाही, आणि जे दाखवतात त्यांच्यातले काही एकेक सुटे पत्र जुन्या वस्तूंच्या बाजारात विकतात. सुटे पत्र निम्मे मुके होते. ‘छ २५ सवाल’चा निकाल लागतो तो बहुतेक वेळा त्याच रुमालातल्या, म्हणजे कापडात बांधलेल्या गठ्ठ्यातल्या, वरच्या किंवा खालच्या कागदावरून.

तेव्हा ज्यांच्या घरी असे रुमाल असतील त्यांना एवढीच विनंती. बांधलेला रुमाल सोडून कागद नव्याने लावू नका, त्यांचा जुना क्रम तसाच राहू द्या. सेलोटेप लावू नका, लॅमिनेशन तर मुळीच करू नका. पाठीमागच्या बाजूंचेही फोटो घ्या, पोहोचेची तारीख तिथेच असते. कागद द्यायचे नसतील तर देऊ नका, मालकी तुमचीच राहू द्या. पण सदाशिव पेठेत जाऊन कुणा जाणत्याला ते एकदा वाचू द्या.