हस्तिदंतावर कोरलेली गोष्ट

सारसोळ्याहून आम्ही बोलतोय. आज एका वेगळ्याच पुस्तकाची ओळख करून घेऊ. हे पुस्तक कागदाचे नाही, हत्तीच्या सुळ्याचे आहे. त्यात अक्षर नाही, पण गोष्ट पूर्ण आहे.

आपल्या गटांत काही जणींना वाचता येते, काहींना अजून येत नाही. पण देवळाच्या भिंतीवर राम-रावणाचे युद्ध कोरलेले असले, तर ते सगळ्यांनाच कळते. दहा तोंडे दिसली की रावण, शेपूट दिसली की मारुती. खुणा माहीत असल्या की चित्र वाचता येते.

युरोपातही हेच होते. तिथल्या सामान्य माणसांना शेकडो वर्षे वाचता येत नव्हते. इ.स. 600 च्या सुमारास पोप ग्रेगरी यांनी एका बिशपला पत्रातून कळवले, की वाचणाऱ्याला जसे पुस्तक, तसे न वाचणाऱ्याला चित्र. पुढे बायबलमधल्या गोष्टी भिंतींवर, काचांवर आणि हस्तिदंतावर आल्या. इटलीतल्या सालेर्नो गावी सुमारे 900 वर्षांपूर्वीच्या हस्तिदंती पट्ट्या जपून ठेवल्या आहेत. त्यांवर जगाची उत्पत्ती, नोहाचे तारू, येशूचा जन्म असे प्रसंग एकापुढे एक कोरले आहेत.

हे काम आपल्या किनाऱ्यावरही झाले. 1510 मध्ये पोर्तुगीजांनी गोवा घेतला. त्यांच्या जहाजांतून आफ्रिकेतल्या मोझांबिकहून हस्तिदंत येऊ लागला. चर्चसाठी आणि घरातल्या पूजेसाठी मूर्ती हव्या होत्या. कोरणारे हात मात्र इथलेच होते. 1567 मध्ये गोव्याच्या धर्मपरिषदेने ठरवले, की ख्रिस्ती मूर्ती-चित्रांचे काम बिगरख्रिस्ती कारागिरांना देऊ नये. तरी देशी कारागिरांवाचून काम अडतच होते. बहुतेक मूर्तींवर कारागिराचे नाव नाही. नाव राहिले नाही, हात मात्र ओळखू येतो.

सतराव्या शतकात गोव्यात घडलेली एक मूर्ती फार प्रसिद्ध झाली. तिला ‘चांगला मेंढपाळ’ म्हणतात. अशा अनेक मूर्ती आज जगभरच्या संग्रहालयांत आहेत. चला, ती वाचू या.

सगळ्यात वर बाळ येशू मेंढपाळाच्या वेषात बसला आहे. अंगात लोकरीचा अंगरखा, कमरेला पाण्याचा भोपळा, खांद्यावर कोकरू. गाल हातावर टेकलेला आणि डोळे मिटलेले. ही शांत मुद्रा पाहून अनेक अभ्यासकांना ध्यानस्थ बुद्धाची आठवण होते. खाली डोंगर उतरत येतो. त्यावर कारंजे, पाणी पिणारे पक्षी आणि चरणारी मेंढरे. तळाशी गुहेत एक बाई आडवी होऊन पुस्तक वाचते आहे. ती मेरी मॅग्दालीन.

यातली गोष्ट काय? बायबलमध्ये येशूने सांगितलेला एक दृष्टान्त आहे. एकाकडे 100 मेंढरे होती, त्यांतले एक हरवले. तो 99 मागे ठेवून त्या एकाला शोधायला गेला आणि सापडल्यावर त्याला खांद्यावर घेऊन परतला. आपल्याकडे घोंगडी पांघरून रानात फिरणारा धनगर ज्याने पाहिला आहे, त्याला हे समजावून सांगावे लागत नाही. गुहेतल्या मेरीची कथा बायबलमध्ये नाही, ती नंतरच्या परंपरेतून आली. वाट चुकून परत आलेली व्यक्ती म्हणून ती तिथे आहे. म्हणजे वर शोधणारा, खाली सापडलेली.

आता त्या सुळ्याकडे पाहू. सुळा म्हणजे हत्तीचा वरचा दात, तो आयुष्यभर वाढतो. मुळाकडे पोकळ, टोकाकडे भरीव आणि सगळा वाकडा. म्हणून मोठी सपाट फळी त्यातून निघत नाही. पट्ट्या लहान असतात आणि उंच मूर्ती कित्येकदा किंचित कललेल्या दिसतात. कापलेल्या टोकावर एकमेकींना छेदणाऱ्या बारीक रेषा दिसतात. साध्या हाडावर त्या नसतात.

एक गोष्ट विसरून चालणार नाही. सुळ्याचा बराच भाग हत्तीच्या कवटीत रुतलेला असतो. तो पूर्ण मिळावा म्हणून शिकारी हत्तीलाच मारतात. आफ्रिकेत नर आणि मादी दोघांनाही सुळे असतात, त्यामुळे कळपातल्या आयाही मारल्या गेल्या. हरवलेल्या एका कोकराची गोष्ट ज्यावर कोरली, तो दात बहुधा असाच आला. मूर्ती सुंदर आहे आणि हेही खरे आहे. दोन्ही सांगायला हवे.

म्हणून कायदा नीट समजून घ्या. वन्यजीव संरक्षण कायदा 1972 चा आहे. 1986 च्या दुरुस्तीने भारतीय हस्तिदंताचा व्यापार बंद झाला, 1991 च्या दुरुस्तीने आफ्रिकेतून आणलेल्याचाही. कोणी बांगडी, फणी, डबी किंवा मूर्ती ‘अस्सल हस्तिदंती’ म्हणून विकायला आणली, तर घेऊ नका. गटाच्या स्टॉलवर ठेवू नका. घरात आजीच्या वेळची वस्तू असेल, तर ती विकू नका आणि वनखात्याच्या कार्यालयात चौकशी करा.

पाहायला मात्र कायद्याची आडकाठी नाही. जुन्या गोव्यात सांता मोनिका मठात ख्रिस्ती कला संग्रहालय आहे, तिथे हस्तिदंती काम पाहायला मिळते. हा मठ सतराव्या शतकात जोगिणींसाठी, म्हणजे ख्रिस्ती संन्यासिनींसाठी बांधला होता. पनवेलहून कोकण रेल्वेने करमळी स्टेशनला उतरले की जुने गोवे जवळच आहे. गटाची सहल ठरवताना हे नाव लक्षात ठेवा.

पुढच्या बैठकीत या प्रश्नांवर बोला:

1. आपल्या गावात अक्षरांशिवाय गोष्ट सांगणारे काय काय आहे? देवळातले खांब, रांगोळी, गोधडी, होडीवरची चित्रे?

2. ते करणाऱ्यांची नावे आपल्याला ठाऊक आहेत का? ठाऊक असतील, तर गटाच्या वहीत आजच लिहून ठेवा. गोव्याच्या त्या कारागिरांची नावे कोणी लिहून ठेवली नाहीत.

3. एखादी सुंदर वस्तू कशापासून बनली, हे विकत घेताना आपण विचारतो का?